यंत्राचा श्रीगणेशा

यंत्र चालू असतां बिघडणें आणि यंत्र मुळांत चालूच न होणें या दोन गोष्टींत मोठें अंतर आहे. चालत्या यंत्रांत दोष उत्पन्न झाला तरी त्याचा कांहीं भाग शुद्धीवर असतो. काय झालें तें तो थोडेंबहुत सांगूं शकतो. परंतु ज्या संगणकाचें बटण दाबलें असतां पडदा काळाच राहतो, किंवा कंपनीचें चिन्ह एकदां झळकून पुनः अंधार होतो व हाच क्रम अखंड चालतो, त्यास प्रश्न कोणी विचारावा व कोणत्या भाषेंत? अशा वेळीं बहुतेक गृहस्थ बटण दहा वेळां दाबून पाहतात, मग दुरुस्तीच्या दुकानाची वाट धरतात, आणि तेथें ‘मदरबोर्ड गेला’ असें कानीं पडलें कीं मुकाट्यानें मान डोलवितात. हा असहायपणा अज्ञानांतून येतो हें खरें. पण त्या अज्ञानाचा सगळा बोल त्या गृहस्थांस लावणें न्यायाचें होणार नाहीं. संगणक सुरू कसा होतो ही गोष्ट गेल्या पाऊणशें वर्षांत पायरीपायरीनें दृष्टिआड होत गेली आहे. ती कशी दृष्टिआड झाली, कोणत्या अडचणींतून कोणती युक्ति निघाली, आणि बंद यंत्रासमोर बसलेल्या मनुष्यास या इतिहासापासून काय घेतां येईल, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूळ कोडें असें आहे. संगणक आज्ञा पाळणारें यंत्र आहे, आणि पाळावयाच्या आज्ञा त्याच्या स्मृतींत असाव्या लागतात. बटण दाबण्यापूर्वीं ही स्मृति कोरी असते. तींत आज्ञा आणून भराव्या तर तें भरण्याचें काम करण्यासही आज्ञाच पाहिजेत. मग पहिली आज्ञा कोठून यावयाची? कितीही निष्णात नट झाला तरी त्यास स्वतःच्या खांद्यावर चढून बसतां येत नाहीं, असा दृष्टांत आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं दिलेला आहे. इंग्रजींत याच अर्थाचा एक वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकापासून आहे: बुटाच्या मागच्या पट्ट्या धरून स्वतःस वर उचलणें. त्या पट्टीस ‘बूटस्ट्रॅप’ म्हणतात. आरंभीं हा वाक्प्रचार अशक्य गोष्टीची थट्टा करण्याकरितां वापरीत. १९५० नंतरच्या दशकांत संगणक बांधणाऱ्यांनीं तोच शब्द आपल्या अडचणीस लाविला, आणि ‘बूट होत नाहीं’ ही तक्रार आज मराठी घरांतही ऐकूं येते ती त्याच शब्दाची कापलेली शेंडी होय.

पहिल्या मोठ्या यंत्रांत मात्र हें कोडें या रूपानें उभें राहिलें नव्हतें. १९४६ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें ‘एनिअ‍ॅक’ हें यंत्र लोकांपुढें मांडण्यांत आलें. जॉन मॉकली व प्रेस्पर एकर्ट यांनीं तें पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत उभारिलें होतें. त्यांत सुमारें १८,००० व्हॉल्व्ह होते व त्याचें वजन ३० टनांच्या घरांत होतें. या यंत्रास आज्ञा द्यावयाच्या म्हणजे तारा एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणीं खोंचावयाच्या व शेंकडों खटके हातानें फिरवावयाचे. तारांची जुळणी हीच आज्ञावलि असल्यामुळें पहिली आज्ञा आणण्याचा प्रश्न नव्हता. परंतु सुरू होण्याची धास्ती तेथेंही होतीच. व्हॉल्व्ह तापत असतां व निवत असतां त्याच्या अंतर्भागावर सर्वांत अधिक ताण पडतो, आणि बहुतेक व्हॉल्व्ह याच दोन वेळीं निकामी होत. म्हणून यंत्र शक्यतों बंदच करूं नये असें ठरलें. सुरू होण्याचा क्षण हाच यंत्राच्या आयुष्यांतील नाजूक क्षण होय, हें सत्य असें अगदीं आरंभींच कळून आलें.

या यंत्राच्या दोषशोधनाचें काम ज्यांनीं केलें त्यांचीं नांवें पुष्कळ वर्षें इतिहासांत आलीं नाहींत. कॅथलीन मॅकनल्टी, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस व रूथ लिक्टरमन या सहा स्त्रियांना यंत्राची आज्ञाजुळणी करण्यास नेमिलें होतें. त्यांना शिकविण्यास कोणतें पुस्तक नव्हतें; मंडलांचे आराखडे तेवढे हातीं देण्यांत आले होते. ते वाचून त्यांनीं यंत्राची अशी नाडीपरीक्षा साध्य केली कीं, चुकलेल्या उत्तरावरून दोष कोणत्या व्हॉल्व्हमध्यें असावा येथपर्यंत त्या मजल मारीत. दोष शोधण्यास उपकरणांपूर्वीं यंत्राची रचना ठाऊक असावी लागते, हा धडा त्यांनीं घालून दिला आहे.

आज्ञा व माहिती या दोहोंना एकाच स्मृतींत जागा देणारीं यंत्रें आलीं तेव्हां आमचें कोडें खऱ्या स्वरूपांत पुढें आलें. इंग्लंडांत मँचेस्टर येथें २१ जून १९४८ रोजीं फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न व जेफ टूटिल यांच्या लहानशा प्रायोगिक यंत्रानें स्मृतींत साठविलेली आज्ञावलि प्रथम चालविली. ती अवघ्या १७ आज्ञांची होती व तिला उत्तर काढण्यास ५२ मिनिटें लागलीं. तत्पूर्वीं कित्येक प्रयत्न वायां गेले होते. खटका दाबावा, नळीच्या पडद्यावरील प्रकाशबिंदूंनीं वेडेवांकडें नाचावें, आणि हातीं कांहींच लागूं नये, असा क्रम चालला होता. येथें आज्ञा भरण्याचें काम मनुष्याच्या बोटांकडे होतें. एकेक अंक खटक्यानें बसवावयाचा. चूक झाली तर पुनः आरंभापासून.

केंब्रिज येथें मॉरिस विल्क्स यांचें ‘एड्सॅक’ ६ मे १९४९ रोजीं चालूं लागलें, आणि तेथें या अडचणीवर पहिली खरी तोड निघाली. डेव्हिड व्हीलर या तरुणानें ३१ आज्ञांची एक छोटी मालिका रचिली. ती टेलिफोन-एक्स्चेंजांत वापरतात तसल्या फिरत्या खटक्यांवर तारांनीं कायमची जोडून ठेविली. आरंभाचें बटण दाबलें कीं ती आपोआप स्मृतींत उतरे, आणि मग तीच मालिका भोंकें पाडलेल्या कागदी पट्टीवरील मोठी आज्ञावलि वाचून घेई. थोडक्या आज्ञा बाहेरून उसन्या द्यावयाच्या व त्यांच्या हातून बाकीच्या आणवावयाच्या, ही कल्पना आजच्या प्रत्येक संगणकांत व भ्रमणध्वनींत आहे. त्या ३१ आज्ञांची संख्या वाढली, त्यांची जागा बदलली. तत्त्व बदललें नाहीं. पुढें विल्क्स यांनीं आपल्या आठवणींत असें नमूद केलें आहे कीं, आपल्या उर्वरित आयुष्याचा बराचसा भाग स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यांत जाणार, हें त्या दिवसांत त्यांना एकाएकीं उमगलें. यंत्र जन्मलें त्याच घटकेस दोषशोधनाचाही जन्म झाला म्हणावयाचा.

ही विद्या आपल्या मुंबईसही लवकरच आली. होमी भाभा यांनीं स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या चमूनें प्रथम एक नमुना यंत्र बांधिलें व त्यावरून मोठें यंत्र उभारिलें. तें १९६० सालीं कामास लागलें आणि १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्यास ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें. त्यांत सुमारें २,७०० व्हॉल्व्ह होते. स्मृति चुंबकीय कड्यांची असून तींत २,०४८ शब्द मावत. आजच्या एका साध्या छायाचित्रास जेवढी जागा लागते तिचा अल्पसा अंशही या स्मृतींत नव्हता. परंतु तें येथल्या मंडळींनीं येथेंच बांधिलेलें यंत्र होतें. विकत घेतलेल्या यंत्राचा मालक दोष आला कीं विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. स्वतः बांधलेल्या यंत्राच्या दोषाचा माग काढण्यास मात्र आपलेच आराखडे उघडावे लागतात. त्या यंत्रापासून मिळालेल्या शिक्षणाचें मोल त्याच्या गणितांइतकेंच होतें असें आम्हांस वाटतें.

पुढील पंधरा वर्षांत यंत्रें आकारानें लहान झालीं, पण आरंभीं हात लागे तो लागेच. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचें १९६५ चें ‘पीडीपी-८’ हें यंत्र प्रयोगशाळांतून पसरलें. त्याच्या दर्शनी फळीवर खटक्यांची ओळ असे, आणि कागदी पट्टी वाचून घेणाऱ्या सुमारें दीड डझन आज्ञा त्या खटक्यांनीं भराव्या लागत. चुंबकीय कड्यांची स्मृति वीज गेल्यावरही टिकते. त्यामुळें एकदां भरलेल्या आज्ञा सहसा राहत. परंतु एखादी बहकलेली आज्ञावलि त्यांच्यावरच लिहून गेली कीं पुनः बोटें व खटके. ज्यांनीं हें काम नित्य केलें त्यांना तो क्रम संध्येच्या मंत्रांसारखा पाठ झालेला असे.

१९७५ च्या जानेवारींत अमेरिकेंतील एका मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ हें सुट्या भागांतून घरीं जोडावयाचें यंत्र झळकलें. त्याची मूळ स्मृति केवळ २५६ अक्षरांएवढी, आणि ती वीज जातांच पुसली जाणारी. या यंत्राकरितां बिल गेट्स व पॉल अ‍ॅलन यांनीं बेसिक भाषा तयार केली. ती दाखविण्यास अ‍ॅलन विमानानें अल्बुकर्क या शहरीं निघाले असतां, विमान उतरण्याच्या सुमारास त्यांच्या ध्यानांत आलें कीं, पट्टीवरून ही भाषा यंत्रांत उतरवून घेणारी आरंभीची मालिका लिहावयाचीच राहिली आहे. ती त्यांनीं विमानांतच कागदावर लिहून काढिली, आणि दुसऱ्या दिवशीं ती खटक्यांनीं भरून यंत्र चालूं केलें. पुढें अफाट झालेल्या एका व्यापाराचा पाया असा त्या मूठभर आज्ञांवर टेकलेला होता.

खटक्यांची ही यातायात संपविली ती केवळ वाचतां येणाऱ्या, वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीनें. तिला ‘रॉम’ म्हणतात. पहिल्या आज्ञा कारखान्यांतच या स्मृतींत कोरून ठेवल्या कीं मनुष्याचें बोट फक्त एका बटणापुरतें उरतें. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएम कंपनीनें आपला ‘पर्सनल कॉम्प्यूटर’ बाजारांत आणिला त्यांत हीच योजना होती. त्याचा प्रक्रियक १०,४८,५७६ घरांपर्यंत पाहूं शके, आणि वीज मिळतांच तो डोळे मिटून शेवटून सोळाव्या घराकडे जाई. तेथें ‘बायोस’ नांवाच्या आज्ञासंग्रहाकडे जाण्याची खूण ठेविलेली असे. बायोस प्रथम यंत्राची झडती घेई: स्मृति नीट आहे काय, कळफलक जोडला आहे काय, तबकडी हांक देते काय. सर्व ठीक असल्यास एक आंखूड शीळ वाजे. नसल्यास अनेक शिळा वाजत किंवा पडद्यावर आंकडा उमटे. २०१ म्हणजे स्मृतीचा दोष, ३०१ म्हणजे कळफलकाचा. पुढील एका नमुन्यांत कळफलकाचा दोष कळवून वर पुढें जाण्यासाठीं कळफलकावरीलच एक कळ दाबण्यास सांगत, ही गंमत जुन्या दुरुस्तीवाल्यांना अद्याप आठवते. पण गंमत सोडली तर ही झडती म्हणजे मोठीच सोय होती. पडदा उजळण्यापूर्वींच मुकें यंत्र शिळांच्या भाषेंत आपला आजार सांगूं लागलें.

पहिली आज्ञा ज्याच्या मालकीची, यंत्र त्याच्या मालकीचें, हेंही याच वेळीं उघड झालें. आयबीएमच्या यंत्राचे बहुतेक भाग बाजारांत मिळत; खास तिचा असा भाग बायोस हाच होता. त्याच्या आज्ञा कंपनीनें आपल्या पुस्तकांत छापल्या होत्या, पण त्यांची नक्कल करणें कायद्यानें बंद होतें. कॉम्पॅक कंपनीनें तेव्हां दोन गट केले. एकानें तें छापील लेखन वाचून बायोस काय काय करतो याचें वर्णन लिहिलें. दुसऱ्यानें मूळ लेखन न पाहतां केवळ त्या वर्णनावरून नवीन बायोस रचिला. १९८२ च्या अखेरीस कॉम्पॅकचें यंत्र जाहीर झालें, आणि मग एकामागून एक कंपन्यांनीं तीच वाट धरली. आपल्याकडे सामान्य माणसाच्या घरांत संगणक आला तो या जोडणीच्या यंत्रांच्या रूपानें. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील भरभराटीचें मूळ त्या दोन गटांच्या खटाटोपांत शोधावें लागतें.

बायोसचें काम झालें कीं तो तबकडीवरील पहिल्या ५१२ अक्षरांचा तुकडा उचलतो व सर्व सत्ता त्याच्या हातीं देतो. तो तुकडा पुढील मोठ्या आज्ञावलीस बोलावतो. ही साखळी विश्वासावर चालते. प्रत्येक कडी पुढच्या कडीस निमूटपणें राज्य सोंपविते, आणि हा विश्वासच पुढें घातास कारण झाला. १९८६ सालीं लाहोर येथील दोघां भावांनीं रचिलेला ‘ब्रेन’ हा विषाणु फ्लॉपीच्या याच पहिल्या तुकड्यांत ठाण मांडून बसे. त्याहून भयंकर प्रकार २६ एप्रिल १९९९ रोजीं घडला. एका तैवानी विद्यार्थ्यानें आदल्या वर्षीं सोडलेल्या ‘सीआयएच’ या विषाणूनें त्या दिवशीं जगांतील असंख्य यंत्रांच्या तबकड्यांचा आरंभीचा भाग पुसला आणि जेथें जमलें तेथें खुद्द बायोसवरही बोळा फिरविला. तोंपर्यंत बायोसची स्मृति पुनः लिहितां येईल अशा प्रकारची झाली होती. सुधारणा घरबसल्या करतां यावी हा तिचा हेतु, पण त्याच दारानें चोर आंत आला. ज्यांचा बायोस गेला त्यांचें यंत्र शीळही वाजवीना. त्यांतली चकती बदलणें एवढाच उपाय उरला.

यानंतर आरंभाभोंवतीं भिंती उंच होत गेल्या. बायोसची जागा ‘यूईएफआय’ या विस्तृत प्रणालीनें घेतली. २०१२ पासून नव्या यंत्रांत अशी तजवीज सार्वत्रिक झाली कीं, मान्यतेची सांकेतिक मुद्रा असल्याखेरीज कोणत्याही आज्ञावलीस आरंभीं प्रवेश मिळूं नये. बहुतेक यंत्रांत ही मुद्रा ओळखण्याची किल्ली मायक्रोसॉफ्ट कंपनीची बसविलेली असते. याच काळांत झडतीच्या ओळी कंपनीच्या चिन्हामागें लपल्या, शीळ वाजविणारा भोंगा पुष्कळ यंत्रांतून नाहींसा झाला, तबकडीवरील माहिती कुलूपबंद झाली. सुरक्षितता वाढली हें निर्विवाद आहे. पण मालकाच्या नजरेस पडणाऱ्या खुणा त्याच प्रमाणांत कमी झाल्या.

त्याचें मोल जगानें १९ जुलै २०२४ रोजीं चुकतें केलें. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीची रक्षक आज्ञावलि यंत्र सुरू होतांना अगदीं आरंभीं जागी होते. त्या दिवशीं भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं तिनें एक सदोष धारिका जगभर पाठविली. ती वाचतांच विंडोज कोसळे, यंत्र पुनः सुरू होई, पुनः तीच धारिका वाची व पुनः कोसळे. कंपनीनें ७८ मिनिटांत ती मागें घेतली. पण ज्या यंत्रांनीं ती घेतली होती तीं दुरून दिलेला उपाय ऐकण्यापूर्वींच बहुधा कोसळत. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानें अशीं सुमारें ८५ लाख यंत्रें होतीं. रुग्णालयें, बँका, विमानतळ यांचे व्यवहार अडले. भारतांतील विमानतळांवर कांहीं प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्यांत आले. उपाय काय, तर यंत्र ‘सेफ मोड’मध्यें, म्हणजे आवश्यक तेवढ्याच आज्ञांवर, सुरू करावयाचें आणि ती एक धारिका पुसावयाची. हा मार्ग विंडोजमध्यें १९९५ पासून होता. परंतु तो चोखाळण्यास बहुतेक ठिकाणीं प्रत्यक्ष यंत्रापाशीं माणूस जावा लागला, आणि तबकडी कुलूपबंद असेल तेथें ४८ अंकी किल्ली टंकावी लागली. ज्या संस्थांनीं ती किल्ली बंद पडलेल्या यंत्रांतच ठेविली होती त्यांची स्थिति काय झाली असेल तें वाचकांनींच ताडावें. ७५ वर्षांच्या प्रगतीनंतरही मनुष्याचें बोट पुनः खटक्यापाशीं आलें.

या इतिहासांतून दोषशोधनाची जी रीति निघते ती साधी आहे. यंत्र पायऱ्यांनीं जागें होतें. तेव्हां तें कोणत्या पायरीवर थांबलें हें प्रथम पाहावें. दिवा लागत नाहीं, पंखा फिरत नाहीं, तर प्रश्न विजेचा आहे; तेथें विंडोज पुनः भरण्यांत अर्थ नाहीं. पंखा फिरतो पण पडदा काळा आहे, तर झडतींत कांहीं तरी अडलें आहे; शिळा मोजाव्या किंवा फळीवरील बारीक दिवे पाहावे, व त्यांचा अर्थ त्या नमुन्याच्या पुस्तकांत शोधावा, कारण प्रत्येक कंपनीची भाषा निराळी असते. वीज तोडून स्मृतीची पट्टी काढावी, तिचे स्पर्शबिंदु स्वच्छ करून ती पुनः घट्ट बसवावी. आपल्याकडचे कारागीर याकरितां शाळकरी खोडरबर वापरतात तो कांहीं जादूटोणा नव्हे. घड्याळ मागें जात असेल व नेमणुकी विसरल्या जात असतील तर नाण्याएवढी बॅटरी संपली असण्याचा संभव मोठा. सुरू होण्याजोगी तबकडी नाहीं असें यंत्र म्हणत असेल तर विसरून राहिलेला पेनड्राइव्ह आधीं काढावा. आणि विंडोज अर्ध्यावर येऊन कोसळत असेल तर सेफ मोड घ्यावा व शेवटीं काय नवीन बसविलें तें आठवावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशानें आला तें कळत नाहीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, यंत्र सुरू न होणें म्हणजे त्यांतील माहिती नष्ट होणें नव्हे. पहिल्या कड्या तुटल्या तरी तबकडीवरील लेखन बहुधा जागच्या जागीं असतें, व ती काढून दुसऱ्या यंत्रांत वाचतां येते. कुलूप असल्यास किल्ली मात्र हवी. हें ठाऊक नसल्यामुळें मुलाबाळांचीं छायाचित्रें व वर्षांनुवर्षांचे हिशेब ‘फॉरमॅट’ या एका शब्दाखालीं पुसून टाकण्यास लोक संमति देतात. म्हणून माहितीची एक प्रत यंत्राबाहेर असावी, आणि कुलपाची किल्ली कागदावर लिहून कपाटांत ठेवावी.

आमच्या शाळांतून संगणक शिकवितात तो चालू झाल्यापासून पुढचा शिकवितात. बटण दाबणें व पडदा उजळणें यांच्या मधल्या कांहीं क्षणांत काय घडतें याचा एक पाठ पुस्तकांत घालावा, आणि एखाद्या जुन्या यंत्राचें झाकण उघडून मुलांकडून स्मृतीची पट्टी काढवून पुनः बसवून घ्यावी, अशी आमची सूचना आहे. तसें झालें तर उद्यां घरचें यंत्र उठत नसतां तीं मुलें निदान विचारतील कीं, तें कोणत्या पायरीवर थांबलें आहे; आणि ‘मदरबोर्ड गेला’ एवढ्या उत्तरावर त्यांचें समाधान होणार नाहीं.